कोमल गंधाराखालची रेघ

भैरवीची एखादी सरगम वर्डमध्ये टाइप करा. रे, ग, ध आणि नि हे चारही स्वर कोमल, म्हणून त्यांच्याखाली अंडरलाइनची सोय वापरून रेघा द्या. कागदावर छापली तर सरगम अगदी बरोबर दिसते. आता तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाका. अक्षरं पोचतात, पण चारही रेघा गळून पडतात. मेहकरच्या शिक्षकांनी पाठवली भैरवी आणि खामगावच्या विद्यार्थ्याला मिळाला बिलावल थाट, असा हा प्रकार आहे. विद्यार्थी नवखा असेल तर त्याला काही हरवलं आहे हेही कळत नाही. तो शुद्ध स्वर पेटीवर वाजवतो आणि तेच बोटांत बसतात.

रेघ गळते, कारण वर्डच्या लेखी ती स्वराचा भाग नसते. तो अक्षरावरचा साज असतो आणि मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात गेला की साज मागे राहतो. संगीताची नोटेशन संगणकावर लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर हाच प्रश्न असतो: आपण स्वर लिहितो आहोत की स्वराचं चित्र? या प्रकरणात आपण एक मुक्त सॉफ्टवेअर त्याच्या मूळ कोडपासून स्वतःच्या संगणकावर बांधणार आहोत आणि त्याला सा रे ग म शिकवणार आहोत. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, साध्या लॅपटॉपवर हे करता येतं.

आधी ही रेघ आली कुठून ते पाहू. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे व्यवसायाने वकील. देशभर फिरून त्यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवल्या, लिहून घेतल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तकमालिका’ या नावाने सहा भागांत छापल्या. लाखमोलाच्या चिजा गवयाच्या गळ्याबरोबर संपून जाऊ नयेत, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी जी स्वरलिपी वापरली ती छापखान्याला झेपेल इतकी साधी होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस, मींड असेल तर वरून कमान. तालाच्या ओळीत समेला फुली, खालीला शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना आकडे. एवढ्या सामग्रीवर त्यांनी शेकडो बंदिशी बांधून ठेवल्या.

त्यांच्याच काळात विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी वेगळी लिपी घडवली. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि विद्यार्थ्यांसाठी नोटेशनची पुस्तकं छापली. त्यांच्या लिपीत मंद्र स्वराचं टिंब वर असतं आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ असते. म्हणजे वरचं टिंब भातखंड्यांच्या पुस्तकात तार सप्तक सांगतं आणि पलुस्करांच्या पुस्तकात मंद्र. उभी रेघ एकीकडे मध्यम तीव्र करते, तर दुसरीकडे स्वर वरच्या सप्तकात नेते. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना दोन्ही लिपी अभ्यासाव्या लागतात आणि त्यांच्या वह्यांत या खुणांची सरमिसळ हमखास दिसते.

म्हणूनच नुसता सुंदर फॉन्ट मिळाला की काम भागलं, असं मी मानत नाही. फॉन्ट फक्त आकार देतो. आपल्याला हवं आहे ते असं साधन, जे आत ‘मंद्र सप्तकातला कोमल निषाद, एक मात्रा’ ही गोष्ट साठवेल आणि छापताना आपण सांगू त्या लिपीत काढेल. शिकवताना भातखंडे लिपीत, परीक्षेसाठी पलुस्कर लिपीत आणि व्हायोलिनवाल्या पाहुण्यासाठी पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत. शिवाय काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीसाठी काळी चारमध्ये आणि पांढरी एकमध्ये गाणाऱ्या मुलासाठी पांढरी एकमध्ये वाजवूनही दाखवेल.

असं साधन बरंचसं तयार आहे, तेही फुकट आणि मोकळं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात नोटेशनची दोन मोठी नावं आहेत. पहिलं म्यूझस्कोर. जर्मनीच्या वेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. माउसने पाच रेघांवर स्वर ठेवायचे आणि लगेच ऐकायचे, असं ते चालतं. दुसरं लिलीपाँड. हान-वेन नीनहॉइस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच मित्रांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. दोघेही वाद्य वाजवणारे. संगणकाने छापलेल्या नव्या प्रती त्यांना रूक्ष वाटत आणि जुन्या कारागिरांनी धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रती वाजवायला सोप्या वाटत. तो फरक नेमका कशामुळे पडतो याचा त्यांनी अभ्यास केला. रेघांची जाडी, दोन स्वरांमधलं अंतर, खुणांचा गोलावा अशा बारीकसारीक गोष्टी मोजल्या आणि संगणकाला शिकवल्या. लिलीपाँडमध्ये माउस नाही. तुम्ही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये स्वर लिहिता, प्रोग्राम ती वाचतो आणि पीडीएफ काढून देतो.

आपल्या कामाला मला लिलीपाँड जास्त योग्य वाटतं. त्याची फाइल निव्वळ मजकूर असते, म्हणून ती व्हॉट्सअॅपवर, ईमेलमध्ये, पेन ड्राइव्हवर कुठेही गेली तरी तिच्यातला कोमल गंधार कोमलच राहतो. आणि आपल्या लिपीसाठी जो बदल करायचा तो त्यात तुलनेने थोडक्यात होतो. अरबी आणि तुर्की संगीतासाठी कुणी ना कुणी असे बदल आधीच करून ठेवले आहेत. लिलीपाँडबरोबर येणाऱ्या फाइलींत त्यांच्या सुरावटींची सोय आहे. भातखंडे लिपीची नाही. ती कुणी दूरदेशी बसलेला माणूस आपल्यासाठी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याला भैरवीची गरज नाही, आपल्याला आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्हाला लिलीपाँड फक्त वापरायचं असेल तर मूळ कोडपासून बांधण्याची काही गरज नाही. उबुंटू किंवा डेबियनवर एका आज्ञेत ते इन्स्टॉल होतं आणि विंडोजसाठीही तयार पुडकं मिळतं. मूळ कोडपासून बांधायचं ते त्याच्या आत हात घालता यावा म्हणून. ही मोकळीक ग्नू जीपीएल या परवान्याने दिलेली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये या परवान्याची पहिली आवृत्ती आली. प्रोग्राम वापरा, आतून वाचा, बदला, बदललेला दुसऱ्याला द्या, फक्त देताना कोडही द्या, एवढीच त्याची अट. लिलीपाँड याच परवान्याखाली आहे.

मूळ कोड म्हणजे माणसाने वाचावं अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम. लिलीपाँडचा गाभा सी प्लस प्लस या भाषेत आहे आणि वरचा बराच भाग स्कीम नावाच्या भाषेत. प्रोसेसरला यातलं काही थेट समजत नाही. जीसीसीसारखा कंपायलर सी प्लस प्लसच्या एकेका फाइलचं यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि त्या शेकडो तुकड्यांना शेवटी लिंकर जोडून एक चालणारा प्रोग्राम बनवतो. लिलीपाँडच्या बांधणीत आणखी एक काम होतं, जे मला फार आवडतं. स्वरांच्या खुणांचा त्याचा फॉन्ट, एमेन्टालर, तयार चित्रांतून येत नाही. प्रत्येक खुणेचा आकार सूत्रांनी लिहिलेला आहे आणि बांधणीच्या वेळी मेटापोस्ट नावाचा प्रोग्राम ती सूत्रं वाचून आठ वेगवेगळ्या मापांत फॉन्ट घडवतो. लहान मापात रेघा थोड्या जाड ठेवायच्या, म्हणजे छपाईत त्या पुसट होत नाहीत, हे जुन्या कारागिरांचं शहाणपण त्या सूत्रांत उतरलं आहे. पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत असतात तेव्हा तुमच्या घरातला लॅपटॉप खुणा कोरत असतो.

चला, कामाला लागू. लिनक्स असलेला लॅपटॉप घ्या. चार जीबी रॅम पुरते, आठ असेल तर उत्तम. विंडोजच चालू ठेवायचं असेल तर लिनक्स शेजारी टाकता येतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत, ते आधी ऐका. घरात किंवा शेजारी शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारं कुणी पोर असेल तर त्याला सोबत बसवा. स्वर तुम्हाला कळतात, कंपायलर त्याला कळतो. या कामाला दोघंही लागतात.

कोड मिळवण्याचे दोन रस्ते आहेत. लिलीपाँडचं सगळं काम २०२० पासून गिटलॅब या संकेतस्थळावर चालतं आणि गिट या साधनाने अख्ख्या इतिहासासकट कोड उतरवता येतो. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल आणि टॉवर मध्येच गेला, तर गिटचं क्लोन अर्ध्यावरून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून मी सांगेन की एखाद्या स्थिर आवृत्तीची, समजा २.२४ मालिकेतली, दाबून बांधलेली एक फाइल उतरवा. डब्ल्यूगेट या आज्ञेला ‘सी’ हा पर्याय दिला की तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे येते. गिट वापरायचंच असेल तर ‘डेप्थ’ हा पर्याय एकवर ठेवा. जुना इतिहास सोडून फक्त आजचा कोड येतो आणि डेटा वाचतो.

दुसरी पायरी अवलंबनांची, आणि बहुतेक लोक थकतात ते इथेच. लिलीपाँड एकटं उभं राहत नाही. अक्षरं मांडायला पँगो लागतं, फॉन्ट शोधायला फॉन्टकॉन्फिग, फॉन्ट वाचायला फ्रीटाइप, स्कीमसाठी गाइलची २.२ किंवा ३.० आवृत्ती. बांधणीपुरते फ्लेक्स, बायसन, मेटापोस्ट, फॉन्टफोर्ज आणि पायथन लागतात. इथे नवख्याची फसगत होते ती अशी. पँगो तुमच्या संगणकावर आधीपासून असतं, तरी बांधणी ‘पँगो सापडत नाही’ म्हणून थांबते. कारण चालवायचं पँगो वेगळं आणि त्याच्यावर काही बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. डेबियन-उबुंटूत त्या फाइली शेवटी ‘डेव्ह’ लावलेल्या पॅकेजात असतात. अशी एकेक पॅकेज शोधत बसण्यापेक्षा सोपा उपाय आहे. पॅकेजच्या यादीत मूळ कोडाचे स्रोत चालू करा आणि पॅकेज उतरवणाऱ्या एपीटी या प्रोग्रामला ‘बिल्ड-डेप लिलीपाँड’ अशी आज्ञा द्या. डेबियनचे लोक लिलीपाँडचं पुडकं बांधताना जे जे वापरतात ते सगळं एका झटक्यात उतरतं. ही एक आज्ञा माहीत नसल्यामुळे कित्येकांनी बांधणीचा नाद सोडला असेल.

मग कोडाच्या फोल्डरमध्ये ‘बिल्ड’ नावाचा वेगळा फोल्डर करा, त्यात शिरा आणि तिथून वरच्या फोल्डरमधली कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट चालवा. (गिटमधून कोड आणला असेल तर त्याआधी ऑटोजेन चालवावं लागतं.) ती संगणकाची झडती घेते आणि काय कमी आहे त्याची यादी देते. यादीत काही आलं तर घाबरू नका. ते टाका आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. तिला ‘प्रीफिक्स’ या पर्यायातून स्वतःच्या होम फोल्डरमधली जागा सांगा. असं केलं की बांधलेलं लिलीपाँड तुमच्याच घरात राहतं, ते तिथे बसवताना ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, संगणकावर आधीपासून असलेल्या लिलीपाँडला धक्का लागत नाही आणि नको असेल तर तो एक फोल्डर उडवला की झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये तर दुसरा मार्गच नसतो.

आता ‘मेक’. स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत हा प्रोग्राम लिहिला आणि जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही जगातलं किती सॉफ्टवेअर त्याच्यावर बांधलं जातं! त्याची युक्ती साधी आहे. कुठली फाइल कुठल्या फाइलींपासून बनते हे त्याला सांगितलेलं असतं. तो दोन्हींच्या वेळा पाहतो. बनलेली फाइल मूळ फाइलीपेक्षा नवी असेल तर तिला हात लावत नाही, जुनी असेल किंवा नसेलच तर बनवतो.

या युक्तीचा आपल्याकडे फार मोठा उपयोग आहे. उन्हाळ्यात लाइट जाते, लॅपटॉपची बॅटरी जुनी असते आणि अर्धी बांधणी झाल्यावर मशीन बंद पडते. नवख्याला वाटतं की सगळं पाण्यात गेलं. तसं होत नाही. लाइट आल्यावर त्याच फोल्डरमध्ये पुन्हा ‘मेक’ म्हणा. जे बांधून झालं ते मेक ओलांडून जातो आणि उरलेलं पुढे सुरू करतो. एकच जपायचं: बंद पडताना जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहू शकते, आणि वेळ नवी असल्यामुळे मेकला ती पूर्ण वाटते. लिंकर एखाद्या फाइलीचं नाव घेऊन तक्रार करायला लागला तर ती एक फाइल खोडा आणि मेक परत चालवा. सगळं पुसून पहिल्यापासून करण्याची वेळ क्वचितच येते.

मेकला ‘जे’ या पर्यायाने एका वेळी किती कामं करायची ते सांगता येतं. प्रोसेसरला चार गाभे असले तरी रॅम चार जीबीच असेल तर दोनवर थांबा, नाहीतर रॅम भरून सगळंच रेंगाळतं. आणि मे महिन्यात शेगाव-मलकापूरकडे हे करत असाल तर पहाटे करा. कंपायलर प्रोसेसरला सतत पूर्ण ताकदीने राबवतो, तापलेल्या खोलीत प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि बांधणी लांबत जाते. मेक संपलं की ‘मेक इन्स्टॉल’, की लिलीपाँड आपल्या जागी बसलं. ‘मेक डॉक’ मात्र चालवू नका. त्यात शेकडो पानांची सगळी पुस्तिका उदाहरणांसकट नव्याने छापली जाते आणि तिला बांधणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पुस्तिका तयार मिळते.

इथपर्यंत आलात म्हणजे तुमच्या हातात कुणीही बनवलेलं असतं तसंच लिलीपाँड आहे. आता ते आपलं करायचं.

स्कीमच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत त्यात ‘डिफाइन नोट नेम्स’ नावाची फाइल आहे. तिच्यात भाषांचे तक्ते आहेत: डच, इंग्लिश, जर्मन, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश आणि आणखी काही. प्रत्येक तक्त्यात एकेका ओळीवर स्वराचं नाव आणि त्यापुढे त्याचा पत्ता. पत्त्यात तीन गोष्टी असतात. सप्तक कुठलं, सात स्वरांपैकी कितवा (शून्यापासून सहापर्यंत), आणि तो शुद्ध, उतरलेला की चढलेला. पाश्चात्त्य भाषांचे तक्ते लांबलचक आहेत, कारण त्यांच्याकडे प्रत्येक स्वर चढतो, उतरतो, दुप्पट चढतो, दुप्पट उतरतो. आपलं काम बारा ओळींत होतं. षड्ज आणि पंचम अचल, म्हणून त्यांच्या एकेक ओळी. रे, ग, ध, नि यांच्या शुद्ध आणि कोमल अशा दोन-दोन. मध्यमाच्या शुद्ध आणि तीव्र अशा दोन. सा म्हणजे शून्यावा स्वर, कोमल रे म्हणजे पहिला उतरलेला, तीव्र म म्हणजे तिसरा चढलेला. शेजारच्या इटालियन तक्त्याची प्रत करून नावं बदलत गेलात तरी चालेल. स्वरांची नावं देवनागरीत लिहिता येतात, कारण लिलीपाँड फाइल युनिकोडमध्ये वाचतं आणि रोमनबाहेरची चिन्हंही अक्षर म्हणून स्वीकारतं. फ्रेंच तक्त्यात डोक्यावर खूण असलेलं ‘रे’ आहेच.

पण कोमल रे लिहायचा कसा? इथे वेदपाठी मदतीला येतात. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ अशा स्वरखुणा असतात. त्या संगणकावर याव्यात म्हणून युनिकोडच्या देवनागरी विभागात ०९५१ आणि ०९५२ या क्रमांकांवर दोन चिन्हं ठेवली गेली. ०९५२ म्हणजे अनुदात्ताची, अक्षराखालची आडवी रेघ. ०९५१ म्हणजे अक्षरावरची उभी रेघ. भातखंड्यांच्या कोमल आणि तीव्र खुणा हुबेहूब याच! रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑ असे स्वर आज कुठल्याही फोनवर पाठवता येतात, कारण ही रेघ अंडरलाइनचा साज नसून मजकुरातलंच एक चिन्ह आहे. सुरुवातीला जी भैरवी वाटेत हरवली ती या चिन्हांनी लिहिली असती तर शाबूत पोचली असती. एवढी एक गोष्ट जरी या प्रकरणातून जिल्ह्यातल्या संगीतशिक्षकांनी उचलली, तरी वह्यांतल्या कितीतरी चुका टळतील. ही चिन्हं नेहमीच्या कीबोर्डवर सापडत नाहीत. फोनमध्ये ती एकदा कुठून कॉपी करून ‘शॉर्टकट’ म्हणून साठवून ठेवावीत.

मंद्र सप्तकासाठी देवनागरीतला नुक्ता आहे आणि तार सप्तकासाठी लोक सहज अनुस्वार देतात: सां, रें, गं. दिसायला दोन्ही ठीक आहेत. पण लिलीपाँडमध्ये सप्तक नावात लिहायची गरजच नाही. नावापुढे उभं अवतरणचिन्ह दिलं की तार आणि स्वल्पविराम दिला की मंद्र, असं ते मानतं. त्यामुळे फाइलमध्ये सप्तक अर्थाने राहतं, आणि छापताना टिंब वर द्यायचं की खाली, भातखंडे की पलुस्कर, ते आपण ठरवतो. सुरुवातीला मी जे मागितलं होतं ते नेमकं हेच. एक ध्यानात ठेवा: काळाचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. ते रूप लिलीपाँडच्या वाचक भागात पक्कं बसवलेलं आहे.

तक्ता भरला, पुन्हा ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ केलं, की या वेळी काम चटकन संपतं, कारण बदल एकाच फाइलीत आहे. आता छोटी फाइल लिहा. भाषा ‘मराठी’ म्हणून सांगा आणि भूपाचा आरोह लिहा: सा रे ग प ध सा, शेवटच्या सा ला तार सप्तकाची खूण. ती पाच रेघांवर छापली जाईल आणि मिडी मागितली तर वाजवता येईल अशी फाइलही मिळेल. मग लिलीपाँडचा ‘नोट नेम्स’ नावाचा प्रकार वापरा. तो पाच रेघांऐवजी स्वरांची नावंच ओळीत मांडतो, आणि नावं कुठल्या भाषेत हवीत ते त्याला सांगता येतं. तिथे ‘मराठी’ म्हणा. कागदावर सा रे ग प ध उमटतात, तालाला धरून, योग्य अंतरावर. सप्तकाच्या खुणा टिंबात बदलायला एक स्कीमचं फलन लिहावं लागतं. ते दहा-पंधरा ओळींचं काम आहे आणि शेजारच्या फाइलींत नमुने आहेत. स्वर बदलून दुसऱ्या पट्टीत हवे असतील तर ‘ट्रान्सपोज’ आहे. ते फक्त मिडीपुरतं लावलं तर छापलेली नोटेशन तीच राहते, पण वाजणारी पट्टी बदलते.

फॉन्ट निवडताना जपा. कित्येक सुंदर देवनागरी फॉन्टांना वेदांच्या खुणा कुठे बसवायच्या हे माहीत नसतं आणि रेघ अक्षरापासून बाजूला लोंबकळते. मुंबईच्या आयआयटीने तयार केलेला ‘शोभिका’ हा मोफत, मुक्त फॉन्ट वैदिक स्वरखुणांसह घडवलेला आहे. जोडाक्षरांचीही त्यात चंगळ आहे, म्हणून बंदिशीचे शब्दही त्यात नीट येतात. अक्षर आणि खूण यांची जुळणी पँगोच्या आत बसलेलं हार्फबझ करतं, त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

खरं अवघड काम तालाचं आहे. तीनतालाचे चार-चार मात्रांचे चार विभाग पाश्चात्त्य चाराच्या मापात सरळ बसतात. एकतालाचे दोन-दोन मात्रांचे सहा विभागही बसतात. पण झपताल दोन-तीन-दोन-तीन चालतो आणि रूपक तीन-दोन-दोन, तोही समेवर खाली घेऊन. दर विभागाला माप बदलत लिहिलं तर छपाई होते, पण समेची फुली, खालीचं शून्य आणि टाळीचे आकडे आपोआप येत नाहीत. ते हाताने मजकूर म्हणून लावावे लागतात. हे आपोआप व्हायला हवं असेल तर ‘एन्ग्रेव्हर’ म्हणतात तो एक नवा भाग लिहावा लागेल, जो मात्रा मोजत राहील आणि विभागाच्या सुरुवातीला योग्य खूण टाकेल. तो स्कीममध्येही लिहिता येतो आणि सी प्लस प्लसमध्येही. मात्रेखालचा कंसही तसाच. शेगाव-खामगावच्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हा विषय घेतला तर त्याचा उपयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक संगीत वर्गाला होईल. हजेरीपट आणि वाचनालयाचे प्रकल्प पुष्कळ झाले.

आणि बांधून झाल्यावर लिहायचं काय? जिल्ह्यात सामग्रीला तोटा नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकात तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताचा प्रवास सांगताना आजही त्या तबकडीपासून सुरुवात होते. मेहकरच्या मुलांनी हे गाणं ऐकून स्वतः त्याची नोटेशन करावी, यासारखा कानाचा अभ्यास नाही. घरी शिकण्यापुरतं हे करा. शब्दांसकट छापून वाटायचं असेल तर मात्र परवानगी घ्या, कारण कवीच्या निधनानंतर साठ वर्षं कवितेवर स्वामित्वहक्क असतो. भातखंड्यांनी छापलेल्या बंदिशींवरचा हक्क केव्हाच संपला आहे, त्या हव्या तशा छापा आणि वाटा. तुकोबांचे अभंग तर सगळ्यांचेच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीला निघते, तेव्हा भजनी मंडळं ज्या चाली म्हणतात त्या बहुतेक ऐकूनच एका पिढीकडून दुसरीकडे जातात. गावागावांत त्या चालींची ठेवण थोडी वेगळी आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, सुरावट बहुधा एकाच सप्तकातली, म्हणजे सुरुवातीला लिहायला हे सर्वांत सोपं. म्हातारे बुवा म्हणत असताना फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवावं आणि त्यावरून सावकाश लिहावं.

बारा ओळींचा तो तक्ता मात्र स्वतःच्या लॅपटॉपमध्ये दाबून ठेवू नका. गिटलॅबवर खातं उघडा, लिलीपाँडच्या कोडाची स्वतःची शाखा काढा, तक्ता त्यात घाला, सोबत भूप, यमन आणि भैरवी अशा तीन छोट्या तपासणी-फाइली जोडा आणि ‘मर्ज रिक्वेस्ट’ पाठवा. यमन तीव्र मध्यमासाठी, भैरवी चारही कोमलांसाठी आणि भूप सगळं साधं असताना काही बिघडलं नाही हे पाहण्यासाठी. लिलीपाँडचे लोक प्रत्येक बदल जुन्या छपाईशी चित्रागणिक ताडून पाहतात, म्हणून प्रश्न विचारतील, नावांची रचना बदलायला सांगतील, हिंदी-बंगालीवाल्यांना काय चालेल असंही विचारतील. त्यांना उत्तरं द्या. एकदा तो बदल स्वीकारला गेला की पुढच्या आवृत्तीपासून एपीटीने किंवा विंडोजच्या पुडक्यातून आलेल्या प्रत्येक लिलीपाँडमध्ये सा रे ग म असेल, आणि मेहकरच्या शिक्षकांना ते वापरण्यासाठी काहीही बांधावं लागणार नाही.